ब्लेड लावून पळणाऱ्याला जास्तीचा फायदा मिळतो का? जाणून घ्या नेमका वाद

कल्याण : ठाणे, कल्याण, डोंबिवलीत लोकल अपघातात पाय गमावल्याच्या बातम्या नवीन नाहीत. म्हणूनच ब्लेड लावून धावणाऱ्या खेळाडूचा व्हिडिओ आला की चर्चा होते, ‘हा तर स्प्रिंगवर पळतोय, बाकीच्यांवर अन्याय नाही का?’

मुंबईत वाढलेली मानसी जोशी घ्या. डिसेंबर २०११ मध्ये ट्रकच्या अपघातात तिचा डावा पाय गेला. २०१९ मध्ये बासेल येथे ती पॅरा बॅडमिंटनची जगज्जेती झाली. तिच्या गटात सिंगल्सचा सामना अर्ध्या कोर्टवरच होतो. कारण कृत्रिम पायाला जमिनीचा स्पर्श कळत नाही, चटकन वळताना तोल जातो. इथे पाय फक्त उभं राहायला साथ देतो, फायदा नाही.

मग वाद कुठे आहे? धावणं आणि लांब उडीत. कार्बन फायबरचं ब्लेड दाबलं की वाकतं आणि परत उसळी देतं. पण सुरुवातीला वेग घ्यायला ते कमी पडतं. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसवर २००८ मध्ये बंदी आली, ती त्याच वर्षी क्रीडा लवादाने उठवली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो धावला. जर्मनीच्या मार्कुस रेमने २०१४ मध्ये ८.२४ मीटर उडी मारून धडधाकट खेळाडूंना हरवलं, तरी युरोपियन स्पर्धेच्या संघात त्याला घेतलं नाही.

उंचीचाही मुद्दा आहे. एक पाय शाबूत असेल तर दुसरा त्याच मापाचा लागतो. दोन्ही पाय कृत्रिम असतील तर ते लांब करता येतात, म्हणून पॅरा स्पर्धेत उंचीची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे.

भालाफेकीत मात्र चित्र वेगळं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुमित अंतिलने ७०.५९ मीटर फेकून सुवर्ण जिंकलं. तिथेच ऑलिम्पिकमध्ये नीरज चोप्राचा भाला ८९.४५ मीटर गेला होता.

म्हणजे सरसकट ‘फायदा’ म्हणता येत नाही. खेळ कोणता, पाय एक की दोन, यावर ते ठरतं. आणि एक गोष्ट विसरू नका. धावण्याचं ब्लेड खूप महाग असतं. मुरबाड, शहापूरच्या पोराला आधी रोज चालायचा साधा पाय मिळाला पाहिजे. खरी असमानता तिथूनच सुरू होते.