पंचाला लागतं तेव्हा



वारूळवाडीत भाषणाला बोलावलं की विषय बहुतेक टोमॅटोच्या भावाचा, द्राक्षाचा नाहीतर बिबट्याचा असतो. आजचा विषय कुणी दिलेला नाही, तो आम्ही मागून घेतला. आम्ही म्हणजे नारायणगाव, जुन्नर, आंबेगावच्या मैदानांवर पंच म्हणून उभी राहणारी मंडळी. सुगी संपली की टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, आणि शालेय स्पर्धा लागल्या की बेसबॉल-सॉफ्टबॉलचे सामने. खेळाडूला लागलं की सगळं मैदान धावतं. पंचाला लागलं की लोक आधी हसतात. म्हणून म्हटलं, एकदा हे नीट मांडावं.

सुरुवात आमच्याच एका गोष्टीने करतो. गावाचं आणि स्पर्धेचं नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी दुपारच्या सामन्यात फलंदाजाने समोर सपाट फटका मारला. चेंडू आमच्यातल्या एकाच्या कानाच्या वर लागला. तो खाली बसला. माईकवरून कुणीतरी विनोद केला, लोक हसले. तोंडावर पाणी मारून हा उठला, "काही नाही, चला" म्हणाला आणि सामना सुरू झाला. पुढच्याच षटकात सात चेंडू टाकले गेले. वाईड नाही, नो-बॉल नाही, सरळ सात. सातव्यावर षटकार गेला आणि सामना फिरला. मग काय, "पंच विकला गेला" अशी ओरड. संध्याकाळी परत येताना त्याने गाडीवर आम्हाला तिसऱ्यांदा विचारलं, "दुपारचा सामना कोण जिंकलं रे?" तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला हादरा बसलाय, विश्रांती घ्या. आज तो बरा आहे. पण त्या गावात त्याला अजून "सात चेंडूवाला" म्हणतात.

आता प्रश्न असा, की पंचाला चेंडू लागतो तरी कसा? समोरून येतो, दिसतो, मग बाजूला का होत नाही? इथे बेसबॉल आणि क्रिकेट शेजारी ठेवून बघू या.

बेसबॉलमध्ये मुख्य पंच होम प्लेटच्या मागे, कॅचरच्याही मागे वाकून उभा असतो. पिचर १८.४४ मीटरवरून चेंडू फेकतो. त्या चेंडूला बॅटची नुसती कड लागली की तो जवळजवळ त्याच वेगाने मागे येतो. बॅट आणि पंचाचं तोंड यांत दीड मीटरच्या आसपास अंतर. ताशी १४० किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. डोळ्यांनी बघून हालचाल करायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे चुकवणं शक्यच नाही. हे त्या खेळाने फार पूर्वी ओळखलं, आणि पंचाला जाळीचा मास्क, छातीचं कवच, पायांचे गार्ड दिले. तिथे मास्क घातलेल्या पंचाला कुणी भित्रा म्हणत नाही. मास्क नसेल तर सामनाच सुरू होत नाही.

आता क्रिकेट. खेळपट्टी २०.१२ मीटर. पंच यष्ट्यांच्या मागे दोन-तीन पावलं उभा. फलंदाजाच्या बॅटपासून त्याच्यापर्यंत अंतर धरा २० ते २२ मीटर. ताशी १२० किलोमीटरने समोर मारलेला चेंडू साधारण सहा-साडेसहा दशांश सेकंदात पोहोचतो. हिशेबाने वेळ आहे. पण त्याआधी पंचाचे डोळे कुठे असतात? गोलंदाजाच्या पायाकडे, नो-बॉल बघायला. तिथून ते उचलायचे, समोरच्या टोकावर न्यायचे, चेंडू पॅडला लागतो की बॅटला ते बघायचं. मध्येच गोलंदाज आडवा येतो. त्या अर्ध्या सेकंदातला बराचसा वेळ कामातच जातो.

आमचं म्हणणं एवढंच आहे. जिथे अजिबात वेळ नाही, तिथे माणसांनी संरक्षण घातलं. जिथे थोडा वेळ आहे, तिथे "चपळ पंच वाचतो" असं म्हणून टोपीवर भागवलं. पंचाला लागतं ते तो गाफील असतो म्हणून नव्हे. त्याचं लक्ष जिथे हवं तिथे असतं, म्हणून लागतं.

क्रिकेटमध्ये चेंडू पंचाकडे तीन वाटांनी येतो. तिन्हींची खरी उदाहरणं आहेत.

पहिली वाट सरळ फटक्याची. डिसेंबर २०१५ मध्ये तामिळनाडूतल्या दिंडिगुलला रणजी सामना चालू होता, पंजाब विरुद्ध तामिळनाडू. ऑस्ट्रेलियाचे पंच जॉन वॉर्ड तिथे उभे होते. समोर मारलेला चेंडू त्यांच्या डोक्याला लागला आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१६ मध्ये, कॅनबेरात भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात ते हेल्मेट घालून उभे राहिले. त्याच वर्षी ब्रूस ऑक्सनफर्ड हे पंच डाव्या हातावर पारदर्शक ढाल बांधून आले. आपल्याकडे पश्चिम पाठक या पंचांनी विजय हजारे करंडकात हेल्मेट वापरलं. सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. पण हे सगळे अनुभवी पंच होते.

दुसरी वाट उसळून येणाऱ्या चेंडूची. २९ नोव्हेंबर २०१४, इस्रायलमधलं अश्दोद शहर. तिथल्या लीगच्या सामन्यात जोरदार फटका बसला. चेंडू पंचाच्या टोकाच्या यष्ट्यांवर आदळून उडाला आणि पंचाला लागला. ते वाचले नाहीत. इस्रायलच्या राष्ट्रीय संघाचे ते माजी कर्णधार होते. बऱ्याच बातम्यांत त्यांचं नाव हिलेल ऑस्कर असं आलं, पण क्रिकेटच्या नोंदींत ते हिलेल आवासकर आहे. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? आवास हे अलिबागजवळचं गाव. बेने इस्रायली मंडळी आपल्या गावाच्या नावाला 'कर' लावूनच आडनाव घेत आली, आणि इस्रायलमध्ये क्रिकेट रुजवण्यात भारतातून गेलेल्या ज्यूंचा मोठा वाटा आहे. त्याच्या दोनच दिवस आधी ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज चेंडू लागून गेला होता. जग त्याच्यासाठी हळहळत होतं, त्याच आठवड्यात पंचही गेला. ह्यूज बहुतेकांना आठवतो, आवासकर किती जणांना आठवतात?

तिसरी वाट फेकीची, आणि आमच्या मते आपल्या मैदानांवर हीच जास्त धोक्याची. ८ डिसेंबर २०१६, वानखेडे स्टेडियम, भारत-इंग्लंड कसोटी. पॉल रायफल स्क्वेअर लेगला उभे होते. भुवनेश्वर कुमारने सीमेजवळून फेकलेला चेंडू त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागला. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पंचाची फक्त पाठ होती. रायफल मैदानाबाहेर गेले आणि तिसरे पंच मराय इरॅस्मस त्यांच्या जागी आले. "काही नाही, चला" असं कुणी म्हटलं नाही. वेल्समध्ये २००९ साली ७२ वर्षांचे पंच ॲल्क्विन जेंकिन्स अशाच फेकीने गेले. तो क्लबचा सामना होता, आपल्यासारखाच. कॅमेरे नाहीत, मोठे खेळाडू नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे टेनिस बॉल असतो. बरोबर आहे, लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, साधा टेनिस बॉल ६० ग्रॅमच्याही आत. पण स्पर्धांत जो हेवी टेनिस वापरतात तो त्याहून चांगलाच जड असतो. डोळ्याला लागला तर कोणताही चेंडू हलका नसतो. शिवाय फेक पंचावर येते ती दहा-बारा मीटरवरून.

चेंडू सोडून आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पंचाचं स्वतःचं शरीर. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात, जाधववाडीच्या मैदानावर, चालू सामन्यात नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभा असलेला खेळाडू खाली बसला आणि कोसळला. नारायणगावला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. तुमच्यापैकी काही जणांनी ते चित्रीकरण बघितलं असेल. तो खेळाडू होता, पण त्याच टोकाला पंचही उभा असतो, आणि बहुतेक वेळा पंच खेळाडूंपेक्षा वयाने मोठा असतो. अमेरिकेत १ एप्रिल १९९६ रोजी सिनसिनाटीला बेसबॉल हंगामाच्या पहिल्याच दिवशी जॉन मॅकशेरी हे ५१ वर्षांचे पंच अवघ्या सात चेंडूंनंतर हृदय बंद पडून कोसळले. तिथे मास्क होता, छातीचं कवच होतं. आतून येणारा धोका कवच अडवत नाही.

आपल्याकडचा पंच सकाळी आठला उभा राहतो तो संध्याकाळपर्यंत. एप्रिलचं ऊन, डोक्यावर टोपी, पोटात चहा आणि वडापाव. खेळाडूंचे संघ बदलतात, पंच तोच. जिंकल्यावर फटाक्यांची माळ लागते. आजूबाजूच्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर पुढचं सांगायला नको.

मग करायचं काय? थोडक्यात सांगतो, कारण यात खर्चाचं फार कमी आहे.

आधी पंचांसाठी. क्रिकेटमध्ये चेंडू ज्या बाजूला गेला, त्याच बाजूला सरका, म्हणजे फेकीकडे तोंड राहील, पाठ राहणार नाही. स्क्वेअर लेगला उभं असताना चेंडू पूर्णपणे थांबेपर्यंत नजर काढू नका. बेसबॉलमध्ये उलटी सवय लागते. चेंडू आला की माणूस नकळत मान वळवतो. ती वळवू नका. मास्क समोरून मार घ्यायला बनवलाय, मान वळवली की कान आणि कानशील उघडं पडतं. हात कॅचरच्या मागे झाकलेले ठेवा, नाहीतर बोटं जातात.

शाळांसाठी एक विनंती. बऱ्याच ठिकाणी किटमध्ये मास्क एकच असतो, तो कॅचरला जातो आणि पंच तसाच उभा राहतो. दुसरा मास्क घ्या. पट्टे सैल नाहीत ना बघा. जाळीच्या फटीतून चेंडू आत घुसत नाही ना, हे चेंडू प्रत्यक्ष लावून बघा. क्रिकेटसाठी साधं फलंदाजाचं हेल्मेट चालेल. हेल्मेटमुळे बॅटची कड लागल्याचा आवाज नीट येत नाही, अशी काही पंचांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. पण निदान सरावाच्या वेळी आणि जोरदार मारणारे असतील तेव्हा तरी घाला. डोक्यापेक्षा एक झेल मोठा नाही.

आता आयोजकांसाठी. सामना सुरू होण्याआधी राखीव पंचाचं नाव ठरवून ठेवा. क्रिकेटच्या नियमांत जखमी किंवा आजारी पंच बदलता येतो, त्यात कमीपणा नाही. डोक्याला लागलेल्या पंचाला त्या दिवशी परत उभं करू नका, तो कितीही म्हणाला तरी. त्याला विचारा, आज वार कोणता, आत्ता कुणाची फलंदाजी, मागच्या षटकात किती धावा. तो अडखळला, उलटी झाली, डोकं जड वाटलं, झोप यायला लागली, तर दवाखाना. हळद लावून आणि बर्फ चोळून मुका मार बरा होईल, मेंदूचा हादरा नाही. आणि त्याला एकट्याला गाडी चालवत घरी पाठवू नका.

कुणी कोसळला आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल, गाडी येईपर्यंत. पाणी पाजायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही. स्पर्धेच्या बॅनरवर पाहुण्यांचे वीस फोटो असतात, त्यात एका ओळीत जवळच्या दवाखान्याचा नंबर छापायला काय हरकत आहे? आणि गावात छाती दाबायला शिकलेले निदान चार तरुण असावेत. मैदानावर उपयोग झाला नाही तरी घरी होईल.

शेवटची गोष्ट माईकवाल्यांसाठी आणि प्रेक्षकांसाठी. पंच खाली बसला तर विनोद करू नका. आणि लागल्यानंतर तो चुकला, मोजणी विसरला, निर्णय द्यायला वेळ लावायला लागला, तर तो विकला गेलाय असं म्हणण्याआधी सामना थांबवा. त्या दिवशी सातवा चेंडू मैदानावरच्या बावीस खेळाडूंनी बघितला, गुणलेखकाने बघितला, आम्हीही बघितला. "दादा, बरं वाटतंय ना?" असं विचारायला मात्र कुणी पुढे गेलं नाही. आम्हीसुद्धा गेलो नाही, ते अजून मनाला लागतं.

तो आमचा सहकारी आज इथे, मागच्या रांगेत बसलाय. त्याच्या परवानगीनेच हे सांगितलं. इथे टेबलावर बेसबॉलचा मास्क आणि छातीचं कवच ठेवलंय. पुढे या, हातात घ्या, पोरांना घालून बघू द्या. आणि प्रश्न असतील तर विचारा, आम्ही थांबलो आहोत.