जोड टिकायला हवा

नाशिक जिल्ह्यातल्या कळवण तालुक्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले, की आजही आधी झाडपाल्याचं औषध देणारा आठवतो. विषाणूमुळे झालेली साधी कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते आणि श्रेय औषधाला जातं. पण पन्नाशी-साठीतल्या माणसाला पोट न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, शौचाचा रंग पांढरट झाला, वजन घटलं, तर स्वादुपिंडाच्या गाठीने पित्तनलिका दाबली गेली असू शकते. अशा वेळी पथ्यपाण्यात गेलेले आठवडे फार महाग पडतात. स्वादुपिंडाचा कर्करोग सापडतो तेव्हा शंभरातल्या जेमतेम १५ ते २० रुग्णांवर शस्त्रक्रिया करता येते.

त्या मोजक्यांसमोर आता नवा प्रश्न असतो : दुर्बिणीतून की रोबोटने?

स्वादुपिंड जठराच्या मागे, मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून असतं. त्याच्या डोक्याकडची गाठ काढण्याची शस्त्रक्रिया ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३५ साली मांडली. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा भाग काढायचा. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला जोडायचं. खरी कसोटी स्वादुपिंडाच्या जोडाची. तिथली नळी अनेकदा तीन मिलिमीटरचीही नसते. जोड गळला, तर अन्न पचवणारा रस आजूबाजूच्या रक्तवाहिन्याच कुरतडू लागतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत उपकरणं लांब आणि सरळ असतात. हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. रोबोटच्या उपकरणाला मनगट असतं. सर्जन शेजारच्या आसनावर बसून त्रिमितीय चित्र पाहत ते फिरवतो, हाताचा कंपही गाळला जातो. त्यामुळे टाके घालणं सोपं होतं आणि मध्येच पोट उघडण्याची वेळ कमी येते. मात्र खर्च वाढतो. आणि रोबोटमुळे रुग्ण जास्त जगतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. शेपटीकडची गाठ असेल, तर आतड्याला जोडच द्यावा लागत नाही. तिथे दुर्बीणही उत्तम काम करते.

यंत्राहून मोठा फरक कशाने पडतो, ते दोन अभ्यासांतून दिसतं. कोइम्बतूरमध्ये ६४ रुग्णांवरच्या चाचणीत दुर्बिणीतून व्हिपल झालेले रुग्ण साधारण ७ दिवसांत घरी गेले, पोट उघडून झालेले १३ दिवसांत. नेदरलँड्समधली तशीच चाचणी मात्र मध्येच थांबवावी लागली : दुर्बिणीच्या ५० रुग्णांपैकी ५, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या ४९ पैकी १ गुंतागुंतीने दगावला. कोइम्बतूरच्या हातांमागे अनेक वर्षांचा सराव होता.

म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते असं : इथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? जोड गळण्याचं प्रमाण किती? रात्री रक्तस्राव झाला तर तो थांबवणारा चमू आहे का? उत्तर समाधानकारक नसेल, तर नाशिकहून पुढे मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जाण्याचा त्रास घ्यावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्यावं.

पण हे सारे प्रश्न विचारण्याची संधी वेळेत पोहोचलेल्यालाच मिळते. डोळे पिवळे दिसले त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. रोबोट असो वा दुर्बीण, गाठ काढता येण्याजोगी असेल तोवरच त्यांचा उपयोग.