माळ्यावरची जुनी पावडर



घरातला माळा, गोठ्याचा कोपरा एकदा झाडून बघा. बीएचसी पावडरची अर्धी पिशवी किंवा एन्ड्रिनचा गंजका डबा अजूनही निघायचा. "जुनं आहे, जोर गेला असेल," असं समजू नका. क्लोरीन असलेली ही औषधं ऊन-पावसानं सहजी नासत नाहीत. डीडीटी तर मातीत वर्षानुवर्षं टिकतं. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र साठतात. वैरणीतून म्हशीच्या अंगात, तिथून दुधात, दुधातून पोराबाळांच्या पोटात! आईच्या दुधातही उतरतात. म्हणूनच शेतीसाठी डीडीटी १९८९ साली, एन्ड्रिन १९९० साली आणि बीएचसी १९९७ साली बंद झालं. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षं हवाई फवारणी झालेलं एन्डोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं.

तेव्हा असली पावडर गोचिडांसाठी जनावराला चोळू नका, कणगीत तर मुळीच टाकू नका. जाळू नका, पुरू नका, ओढ्यात फेकू नका. कुलपात ठेवा आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा.

चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर अंग थरथरतं, झटके येतात. आपल्याकडं लगेच दूध-तूप पाजतात. इथं ते उलटं पडतं, कारण स्निग्ध पदार्थात विष विरघळून अंगात लवकर भिनतं. ओकारीही काढू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे उतरवून साबणानं धुवा, आणि डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.