वाइड लेन्स घेण्याआधी खोली मोजा

कॅमकॉर्डरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक आकडा असतो झूमचा. १२ एक्स, २० एक्स, ३० एक्स. लांबचं किती जवळ आणता येईल, ते तो सांगतो. पण घरात हळद लागते आहे आणि शूटिंगवाला दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून उभा आहे, अशा वेळी त्या आकड्याचा काडीचाही उपयोग नसतो. त्याला दोन पावलं मागं जायचं असतं आणि मागं भिंत असते. कॅमेऱ्याच्या लेन्सपुढं चढवायच्या वाइड अडॅप्टर लेन्सची गरज पडते ती इथं.

सोनीचा पीडी-१७० घ्या. २००३ साली आलेला हा कॅमेरा आपल्याकडच्या लग्नांत आणि बातम्यांच्या कामात भरपूर राबला. त्याची लेन्स ६ ते ७२ मिलिमीटरची. सेन्सर लहान, एक तृतीयांश इंची, त्यामुळे हे ६ मिलिमीटर ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात साधारण ४३ ठरतात. फोटोग्राफर याला वाइड म्हणणारच नाही. दहा फुटांवरून चौकटीत आडवं जेमतेम आठ फूट मावतं: नवरी, तिच्या दोन्ही बाजूंच्या दोघी-तिघी, की संपलं. ०.७ चा अडॅप्टर लावला की आठ भागिले ०.७, म्हणजे साडेअकरा फुटांच्या आसपास दिसतं. ०.५ चा लावला तर सोळा फूट. सोनीने या कॅमेऱ्याच्या खोक्यात ०.७ चा अडॅप्टर सोबतच दिला होता. ०.५ चा नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण गिऱ्हाईक फसतं ते याच आकड्यावर. आकडा जितका लहान तितकी लेन्स भारी, असा समज आहे आणि तो मोडायची दुकानदाराला घाई नसते. माझं मत उलट आहे: ज्या सर्वांत सौम्य अडॅप्टरने काम भागतं, तोच घ्यावा.

अडॅप्टर म्हणजे उलटी धरलेली दुर्बीण. पुढच्या बाजूला अंतर्गोल भिंग, मागं बहिर्गोल. दूरवरून समांतर आलेले किरण समांतरच बाहेर पडतात, फक्त त्यांचा कोन आकसतो, म्हणून कॅमेऱ्याच्या फोकसमध्ये फारशी ढवळाढवळ होत नाही. उजेडाचंही तसंच. फोकल लेन्थ जितक्या पटीत घटते, तितक्याच पटीत लेन्सची परिणामी झडपही घटते आणि एफ-नंबर जागच्या जागी राहतो. काचांत थोडा प्रकाश खर्ची पडतो तेवढाच. ‘वाइड लावली की पिक्चर काळा येतो’ ही तक्रार कानावर येते, पण तसं खरंच होत असेल तर दोष काचेचा किंवा तिच्या कोटिंगचा.

खरा फरक पडतो तो झूमला. अडॅप्टर दोन जातींचे. एका जातीत झूम टोकापर्यंत नेला तरी चित्र स्वच्छ राहतं, हे झूम-थ्रू. त्यात भिंगं जास्त, वजन काहीशे ग्रॅम, आणि किंमतही त्या मानाने चढी. दुसऱ्या जातीत वाइडच्या बाजूला सगळं छान दिसतं, पण अर्ध्यावर झूम केला की चित्र विरघळू लागतं आणि ऑटोफोकस चाचपडत राहतो. ही लेन्स वाईट असं मी म्हणणार नाही. घराच्या आतलं चित्रण, गाडीतली मुलाखत, अरुंद जिन्यावरची वरात, अशा जागी झूमला हात लावायचाच नसेल तर ही हलकी लेन्स चालून जाते. पण मंगलाष्टकं चालू आहेत, अंतरपाट आता दूर होणार, आणि त्या क्षणी नवरीचा चेहरा जवळून हवा, तेव्हा अडॅप्टर काढत कोण बसणार? लग्नाच्या कामाला झूम-थ्रूच हवी. ती परवडत नसेल तर अडॅप्टरशिवाय शूट करावं आणि खोलीभरच्या दृश्यासाठी मोबाइलची अल्ट्रावाइड लेन्स वापरावी. संकलनात दोन्हींचे रंग जुळवावे लागतात, पण ते जमतं.

आकडा लहान होत गेला की सरळ रेषा वाकू लागतात. दाराच्या चौकटी पोटात फुगतात, मांडवाचे खांब धनुष्य होतात. ०.७ वर हे सहसा डोळ्यांत भरत नाही, ०.४५ वर लपत नाही. शिवाय कडेला उभी असलेली माणसं कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असली तर आडवी ताणली जातात. नात्यातल्या मावशींना कडेला उभं करून दुप्पट रुंद दाखवलं, तर अल्बम पाहताना त्याचा हिशेब शूटिंगवाल्याकडेच मागितला जातो.

जुन्या लेन्सच्या बाबतीत आणखी एक अडचण. डीव्ही कॅसेटच्या काळात चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असे, म्हणजे सुमारे ४ लाख. फुल एचडीत ते २० लाखांवर गेलं, ४के मध्ये ८३ लाखांच्या आसपास. त्या काळातल्या पडद्यावर सुरेख दिसणारा अडॅप्टर आज ४के कॅमेऱ्यावर लावला की कोपरे मऊ पडतात आणि गडद झाडाच्या कडेला जांभळी किनार उमटते. रिंगवर ‘एचडी’ किंवा ‘४के’ कोरलेलं असणं हा पुरावा नव्हे. ते कुणीही कोरतं.

मापाचा घोळ मात्र टाळता येण्यासारखा आहे. लेन्सच्या पुढच्या कडेवर तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळाच्या खुणेपुढे जो आकडा असतो, तो आट्यांचा व्यास. फोकल लेन्थशी त्याचा संबंध नाही. पीडी-१७० ला तो ५८ आहे, लहान हॅण्डीकॅमना ३० किंवा ३७ असायचा. मोठ्या मापाचा अडॅप्टर लहान आट्यांवर रिंग लावून बसवता येतो. उलटं करायला गेलात की चित्राचे चारही कोपरे काळे होतात. यूव्ही फिल्टर तसाच ठेवून त्यावर अडॅप्टर चढवला तरी तेच होण्याची शक्यता, म्हणून फिल्टर आधी काढावा. काही स्वस्त हॅण्डीकॅमना पुढं आटेच नसतात, तिथं गोष्टच संपते. आणि प्लास्टिकच्या आट्यांवर जड काच लटकवून कॅमेरा खांद्यावरून मिरवणुकीत धावत नेणं म्हणजे आटे झिजवण्याची खात्री.

पैसे काढण्याआधी एक फुकटची गोष्ट करून पाहावी. अनेक कॅमेऱ्यांत हात हलू नये म्हणून ‘ॲक्टिव्ह’ स्थैर्य चालू केलं की कॅमेरा चित्राच्या कडा कापतो. ते साध्या पातळीवर आणलं की कापलेला कोन परत मिळतो. शिवाय सोनी एएक्स-५३ सारख्या कॅमेऱ्यांची सुरुवातच ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २६.८ मिलिमीटरपासून होते. दहा फुटांवरून तेरा-चौदा फूट मावतं. अशा कॅमेऱ्याला अडॅप्टर कशाला, असं मला तरी वाटतं.

एवढं करूनही घ्यायचाच असेल तर स्वतःचा कॅमेरा घेऊन दुकानात जावं, मग ते मुंबईतल्या बोरा बाजारातलं असो की आपल्या गावातलं. अडॅप्टर चढवावा, टाइल्सच्या भिंतीसमोर वाइडपासून टेलीपर्यंत हळूहळू झूम करावा आणि चित्रण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर नव्हे, टीव्हीवर पाहावं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत पाहावं: हिरवट-जांभळी छटा दिसली तर कोटिंग आहे, नुसतं पांढरं लखलखलं तर नाही. पुढची काच बोटाने पुसू नये. भिंग अंतर्गोल असलं तरी तिची बाहेरची बाजू फुगलेली असते, डाग चटकन बसतो, आणि इतक्या वाइडवर कॅमेऱ्याचा ऑटोफोकस कधी नवरीला सोडून त्या डागावरच जाऊन बसतो. तसं झालं तर फोकस हाताने लॉक करावा. आणि काच जपायला दुकानदाराकडून बिलाबरोबर पुढचं झाकणही मागून घ्यावं. अडॅप्टरच्या मापाचं झाकण नंतर सुटं शोधायला गेलात तर वणवण होते.