तेरा बाय दहाची माती

वस्तादांनी मूठभर माती घेतली, दाबून लाडू वळला आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडला. लाडू पडला तो तसाच बसून राहिला. "फुटाले पायजे होता," ते म्हणाले. "भुसा टाका अजून." आरागिरणीवरून आणलेल्या पोत्याचं तोंड पुन्हा सोडलं गेलं.

मंगरुळपीर तालुक्यातलं गाव. जानेवारीचे शेवटचे दिवस. तूर सोंगून झालेली, हरभरा घाट्यांवर. चार दिवसांनी इथे वजनी गटाचे खुले कबड्डी सामने होते आणि मैदान अजून व्हायचं होतं. वाशीमहून निघताना एका जुन्या खेळाडूने मला सांगितलं होतं, सामने काय सगळेच पाहतात, तुम्ही आधी जा.

वाशीमच्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला पाठ असतो. पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आक्रसते. श्रावणात चपलेला धरून बसते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. सोयाबीनला हे चालतं, कबड्डीला चालत नाही. ओलीत गडी घसरतो, कोरडीत भेगेत पाय मुरगळतो. म्हणून काही वर्षांपूर्वी वस्तादांनी शाळेमागची जागा वीतभर खोल खणायला लावली. निघालेली काळी माती शेजारच्यांनी हौसेने वावरात नेली. तळाशी पाणी निचरायला मुरूम टाकला आणि वर नाल्याकाठची पोयट्याची माती, वाळू चाळायच्या उभ्या जाळीतून चाळून. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा. पावसाळ्यात वरचा थर वाहून जातो, त्यामुळे दर जानेवारीला पुन्हा हेच. मला हे वस्तादांचं घरगुती औषध वाटलं होतं. नंतर नियमपुस्तक उघडलं तर त्यातही तेच: मैदान सपाट आणि मऊ असावं, माती, खत आणि भुशाचं. वस्तादांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही.

दुसरा दिवस खड्यांचा. वीस-पंचवीस पोरं एका ओळीत उकिडवी बसली आणि बोटांनी माती चाचपत पुढे सरकू लागली. हे काम इतकं कंटाळवाणं की पाहणाऱ्यालाही जांभई यावी. मी तासभर त्यांच्यात बसलो, सात खडे सापडले. माझ्या मागून आलेल्या सातवीतल्या पोराने माझ्याच पट्ट्यातून आणखी पाच काढून दाखवले. पकडीत गडी तोंडावर आपटतो तेव्हा हरभऱ्याएवढा खडाही कातडं सोलतो. पहिल्या वर्षी हे काम उरकून टाकलं होतं; कुणाच्या गुडघ्याला किती टाके पडले ते वस्ताद आजही सांगतात, आणि सांगताना त्या पोराकडे पाहत नाहीत.

रोलर नव्हता. दोनशे लिटरचं पिंप पाण्याने भरून, आडवं पाडून चौघांनी ढकललं. पण खरी दाबणी पायांनी झाली. पाणी शिंपडायचं, माती जरा सुकू द्यायची, मग सगळ्या पोट्ट्यांना वर सोडून डफडं वाजवायचं. "मशीननं दाबली त माती दगड होते, पायानं दाबली त गादी होते," हे वस्तादांचं शास्त्र. त्यात किती तथ्य आहे हे मी ठरवू शकत नाही. पोट्ट्यांना मात्र ते शंभर टक्के पटलेलं होतं.

आखणीला गावातला गवंडी आला. लांबी 13 मीटर, रुंदी 10. कोपरा काटकोनात बसवायला त्याने सुतळीवर तीन, चार आणि पाच मीटरच्या गाठी मारल्या. शेवटी दोन्ही कर्ण मोजले: 16 मीटर 40 सेंटिमीटर, दोन्हीकडे सारखे. तेव्हा कुठे त्याने विडी पेटवली. मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, पुढे मीटरभरावर बोनस रेषा, दोन्ही बाजूंना मीटर मीटर रुंदीचं राखीव क्षेत्र. चुना नको, डोळ्यात गेला तर पोरगं आंधळं होईल, असं बायकांनी बजावलं होतं. त्यामुळे रेषा रांगोळीच्या. आत मुलींसाठी 12 बाय 8 चं दुसरं मैदान आखलं, चुलीतल्या राखेनं.

या भागात खेळ संघटित करण्याची परंपरा जुनी आहे. इथून शंभरेक किलोमीटरवर अमरावतीत 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, आणि त्याच मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हुतुतूचं प्रात्यक्षिक दाखवलं. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, 2014 मध्ये प्रो कबड्डी. या काळात खेळ मॅटवर गेला. मातीतला पोरगा बुटांत पाय घालून मॅटवर उतरला की त्याचा घोटा अडकतो, कारण माती पाय सोडते आणि मॅट धरून ठेवते. मॅट घ्यायची तर लाखांचा खर्च, तो गावच्या वर्गणीत बसत नाही. तालुक्यापुढे गेलेली पोरं हे अंतर स्वतःच्या गुडघ्यांवर मोजतात. वाशीम 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे; मला विचाराल तर दर तालुक्याला एक मॅट, हीही आकांक्षाच आहे.

सामन्यांच्या सकाळी वजनं झाली ती सोयाबीनच्या काट्यावर. ज्यावर दिवाळीत पोती चढली, त्यावर आता 55 किलो गटातले गडी चड्डीवर चढत होते. एकाचा काटा तीनशे ग्रॅम वर दाखवू लागला. तो स्वेटर, वर शाल घालून गावाला तीन चकरा मारून आला, थुंकत थुंकत. पुन्हा चढला. काटेवाल्याने आकडा पाहिला आणि सवयीने विचारलं, "ओलावा किती?" सगळं खळं हसलं.

खेळाचं वर्णन मी लांबवत नाही. एवढंच सांगतो की शेवटच्या सामन्यात यजमानांवर दोनदा लोण चढला आणि ट्रॉफी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्याच्या संघाने नेली. त्यांचा डावा कोपरारक्षक शांत होता. पाय दिसल्याशिवाय हात हलवत नव्हता. त्याला विचारलं, काय करतो? "पोलीस भरती." राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती, मांडवात बसलेल्या प्रत्येक बापाला तो आकडा पाठ होता. अर्थात त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचं हवं, असल्या खुल्या सामन्यांचं नाही. हेही त्यांना ठाऊक होतं. तरी ते आले होते.

रात्री दीडला हॅलोजन उतरले. मांडववाला खुर्च्या मोजत होता. मैदानाची दशा बघवत नव्हती: रांगोळी विस्कटलेली, मध्यरेषेजवळ टाचांनी खड्डे पाडलेले. वस्तादांनी खराटा घेतला. एकजण पाण्याची झारी घेऊन आला, दोघं पिंपाकडे गेले.

"आता? सकाळी करा की," मी म्हटलं.

"साडेपाचले पोरी येतात," वस्ताद म्हणाले आणि खड्ड्यात मूठभर माती टाकून ती टाचेने दाबू लागले.