धूलकोटच्या पोरांना काय सांगितलं जातं आणि खरं काय आहे

धूलकोटचा परिसर म्हणजे सातपुड्यातल्या बारेला, भिलाला, कोरकू वस्त्या. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशातल्या या बऱ्हाणपूर जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे 30 टक्के आहे, आणि डोंगरपट्ट्यात तर हेच लोक बहुसंख्य. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गात मात्र ते मूठभर उरतात. गरिबी, अंतर, शाळांची अवस्था ही कारणं आहेतच आणि ती हटवायला वर्षं लागतील. पण आणखी एक कारण आहे, जे हटवायला फारसा खर्चही लागत नाही: ऐकीव माहिती. दहावीचा निकाल लागतो, अकरावीला विषय कोणते घ्यायचे हे ठरवायचे चार दिवस असतात, आणि तेवढ्यात कुणी जाणता माणूस एक वाक्य बोलून जातो. पोरगी कला शाखेत जाते आणि जीवशास्त्र कायमचं सुटतं. अशा वाक्यांपैकी काही इथे तपासायची आहेत.

«इंग्रजी येत नाही, मग डॉक्टरकी कसली?»

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची प्रश्नपत्रिका 13 भाषांत निघते. मध्य प्रदेशातल्या केंद्रावर बसणाऱ्या धूलकोटच्या मुलाला ती हिंदीत किंवा उर्दूत मिळू शकते. सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या रावेर-यावलच्या मुलाला मराठीतही. पुढचं शिक्षण इंग्रजीतच, हीही आता अर्धीच गोष्ट आहे. 16 ऑक्टोबर 2022 रोजी भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. त्यातले पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवलेत, ते पाठ करावे लागतात आणि पहिलं वर्ष जड जातं, हे मुलांना आधीच सांगायला हवं. पण अठराव्या वर्षी इंग्रजी शिकता येते. चाळिशीतल्या शहरी डॉक्टरला बारेलांची बारेली बोली शिकवणं त्याहून फार अवघड आहे.

आणि बारेलीची गरज किती आहे ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरून कळतं. या आजाराचं निर्मूलन 2047 पर्यंत व्हावं म्हणून 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य आहे. रक्ताचा थेंब घेणं सोपं. कठीण काम त्यानंतरचं. जोडप्यापैकी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. यात पोरीचा दोष नाही, कुणाच्या करणीचाही नाही. हे सगळं नव्या लग्नाच्या जोडप्याला, सासू शेजारी बसलेली असताना, समजावून सांगायचं असतं. दुभाष्यामार्फत ते होत नाही, निदान नीट होत नाही. अमेरिकेत ओकलंड शहरात कृष्णवर्णीय पुरुषांवर एक प्रयोग झाला. डॉक्टर आपल्यातलाच भेटला, तेव्हा मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्यांना होकार देण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. दवाखाना मोफत असला, औषध असलं, तरी समोरच्या माणसावर भरवसा बसावा लागतो. तो भरवसा धूलकोटच्या पोरांकडे जन्मापासून आहे.

«एमबीबीएस जमलं नाही तर बाकी सगळं दुय्यम»

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने केलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत अल्पशिक्षित गावकरी बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शनसुद्धा. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि 2011 पासून आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींच्या रूपाने ते देशभर पोहोचलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी तर 1970 पासूनच गावातल्या बायांना, त्यात कित्येक दलित आणि निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. ज्यांच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागलं.

तेव्हा नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान हे हरलेल्यांचे रस्ते नाहीत. नर्सिंगमधलं एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. फार्मसीचं डी.फार्म. दोन वर्षांचं आणि त्याला नीट लागत नाही. बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम केलेली व्यक्ती सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण घेऊन उपकेंद्रावर सामुदायिक आरोग्य अधिकारी होऊ शकते. त्या उपकेंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. रक्तदाब, मधुमेह, गरोदर बाईची तपासणी या सगळ्यासाठी डोंगरातल्या माणसाला भेटणारा पहिला आणि पुष्कळदा एकमेव चेहरा तोच. नर्सिंग मुलींचंच, ही समजूतही सोडून द्यावी. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग मुलांनाही खुलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण राज्याच्या प्रवेश-सूचनेत विषयांची अट वेगळी असू शकते. म्हणून अकरावीला जीवशास्त्र घेतलेलं बरं.

एक धोक्याची सूचना इथेच द्यायला हवी. 'फॉर्म भरा, हजेरीची काळजी नको' म्हणणारा दलाल भेटला तर तिथून उठून यावं. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने नर्सिंग महाविद्यालयं तपासली. कुठे इमारत नव्हती, कुठे शिक्षक नव्हते. 2024 मध्ये सरकारला 66 महाविद्यालयं बंद करण्याचे आदेश काढावे लागले. परीक्षाच न झाल्याने हजारो मुलींची वर्षं गेली आणि घरच्यांनी काढलेलं कर्ज तसंच राहिलं. फी भरण्याआधी परिचर्या परिषदेच्या यादीत त्या वर्षाची मान्यता आहे का, हे स्वतः पाहावं, आणि ते जमत नसेल तर शाळेतल्या शिक्षकांना बसवून त्यांच्याकडून पाहून घ्यावं.

«आरक्षणातला डॉक्टर कच्चा असतो»

हे वाक्य पोरांच्या मनाला फार लागतं, म्हणून त्याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं. आरक्षण फक्त दारापर्यंत असतं. आत गेल्यावर विषय तेच, प्रेतविच्छेदन तेच, तोंडी परीक्षा तीच, आणि पास होण्याचे गुण सगळ्यांना सारखे. नापास झालेल्याला कोणत्याच जातीवर पुढच्या वर्षात ढकलत नाहीत. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल घरात जन्मले. वडील त्यांच्या जन्माआधीच गेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. मुंबईच्या सेठ जी. एस. महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, पुढे सनदी सेवेत गेले आणि कोरोनाच्या काळात नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते. सातपुड्याच्या त्या जिल्ह्यात दुसऱ्या लाटेआधीच प्राणवायूचे प्रकल्प उभे राहिले, याची नोंद देशाने घेतली.

धर्माबद्दलचाही एक मोठा गोंधळ आहे. 'मुसलमान झालास, ख्रिस्ती झालास, आता तुझा दाखला गेला' असं सांगितलं जातं. अनुसूचित जातींच्या बाबतीत धर्माची अट खरोखर आहे. अनुसूचित जमातींच्या बाबतीत ती नाही. रावेर, यावल, चोपड्याकडचे तडवी भिल्ल मुस्लिम आहेत आणि महाराष्ट्राच्या जमातींच्या यादीतही आहेत. तडवी मुलांनी केवळ या गैरसमजापोटी खुल्या गटातून अर्ज भरू नये.

राज्याच्या सीमेबाबत मात्र सावध राहावं लागतं. मध्य प्रदेशच्या यादीत 'भिल्ल, भिलाला, बारेला, पटेलिया' अशी नोंद आहे. महाराष्ट्राच्या यादीत भिलाला आणि पावरा आहेत, बारेला हे नाव नाही. रोटीबेटीचा व्यवहार दोन्हीकडे चालतो, कागद तसा चालत नाही. एका राज्याचा जमातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या जागांना लागू होत नाही. केळीच्या बागांत मजुरीला जळगावकडे गेलेल्या आणि तिथेच मुलांना शाळेत घातलेल्या कुटुंबांनी कोणत्या राज्यातून प्रवेश घ्यायचा हे आठवी-नववीतच ठरवावं. महाराष्ट्रातून घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राची धावपळ बारावीच्या निकालानंतर सुरू करून चालत नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो गैरसमज नाही. मात्र रस्ते किती आहेत हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. एकलव्य निवासी शाळांत सहावी ते बारावी मोफत. पालकांचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत 70 टक्के मिळवणाऱ्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलाची फी मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेतून भरली जाते. 2023 पासून राज्यातल्या एमबीबीएसच्या 5 टक्के जागा सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी आहेत. सहावी ते बारावी सरकारी शाळेत झालेली मुलं त्यात बसतात. आदिवासी विभागाच्या 'आकांक्षा' योजनेत नीटची शिकवणी मोफत मिळते. महाराष्ट्रात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हेच काम आदिवासी मुलांसाठी करते. खंडवा आणि जळगाव, दोन्हीकडे 2018 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, म्हणजे आता इंदूर-मुंबई गाठायलाच हवी असंही नाही.

«शिकलेलं पोर परत येत नाही» हे ऐकून आई-बाप घाबरतात. शहरात राहून जाणारे असतात, ते कशाला नाकारायचं? पण ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये, आणि पुन्हा 2021 मध्ये, ज्या शिफारशी केल्या, त्यांत ग्रामीण भागातल्याच मुलांना प्रवेश द्या ही ठळक आहे. बाहेरून आणलेला माणूस बदलीची वाट पाहतो; इथलाच असेल तर त्याची शेती, बहिणी, होळीआधीचा भगोऱ्याचा हाट सगळं इथेच असतं.

ज्यांचं वय उलटून गेलं असं वाटतं, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नीटची वरची वयोमर्यादा 2022 मध्ये उठली. आणि नोव्हेंबर 2023 पासून, बारावीला गणित घेतलेल्याने नंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण केला तरी तो नीटला पात्र ठरतो. एएनएमसाठी परिचर्या परिषदेने ठेवलेली वयोमर्यादा 17 ते 35 आहे. बारावी होऊन लग्न झालेली, दोन मुलांची आई असलेली धूलकोटची सून या वयात बसते. पुढच्या प्रवेश-सूचनेची तारीख तिच्या घरी कुणीतरी सांगायला हवी.