प्रथिन न बनवणारा आरएनए आणि यकृतातली गाठ

यकृताच्या कर्करोगात कोणती जनुकं गरजेपेक्षा जास्त चालतात, याचा शोध ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी घेतला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सुमारे ५०० न्यूक्लिओटाइड लांबीचा एक आरएनए फारच ठळकपणे वर आला. सहाव्या गुणसूत्रावर त्याचं जनुक आहे, पण त्यापासून प्रथिन काही बनत नव्हतं. त्याचं नाव ‘एचयूएलसी’.

शाळेत आपण शिकतो की आरएनए डीएनएचा निरोप नेतो आणि त्याबरहुकूम प्रथिन तयार होतं. पण प्रथिनांची कृती आपल्या जनुकसंचाच्या जेमतेम दोन टक्क्यांत मावते. उरलेल्या भागातूनही आरएनए निघत असतो. त्यातल्या २०० न्यूक्लिओटाइडहून मोठ्या, प्रथिन न बनवणाऱ्या रेणूंना लाँग नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात.

एचयूएलसीची करामत २०१० मध्ये उलगडली. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे साधारण २२ न्यूक्लिओटाइडचे तुकडे असतात. प्रथिननिर्मितीला लगाम घालणं हे त्यांचं काम. त्यांतला एमआयआर-३७२ हा पीकेए या विकराचा एक घटक दाबून ठेवतो. एचयूएलसी वाढला की तो या एमआयआर-३७२ला स्पंजासारखा टिपून घेतो. लगाम सुटतो, विकर वाढतं आणि क्रेब नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून कामाला लावतं. क्रेब पुढे एचयूएलसीच्याच जनुकाला चालना देतो. म्हणजे एकदा पातळी चढली की ती स्वतःच स्वतःला चढती ठेवते. मला यातली सर्वांत चिंतेची बाब हीच वाटते.

अर्थात, स्पंजाचं हे गणित जुळायला एमआयआर-३७२च्या तुलनेत एचयूएलसीच्या पुरेशा प्रती पेशीत असाव्या लागतात. काचपात्रातल्या पेशींत जे दिसतं, ते रुग्णाच्या यकृतात तेवढ्याच जोराने घडेल असं गृहीत धरू नये. रुग्णांच्या रक्तात एचयूएलसी सापडतो, त्यामुळे निदानासाठी त्याचा विचार होतो. आज वापरात असलेली अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी अनेक रुग्णांत सामान्यच येते, म्हणून नव्या खुणेची गरज खरी आहे. औषध मात्र अजून दूर आहे. यकृताच्या पेशीपर्यंत आरएनए रोखणारं औषध पोचवण्याची युक्ती दुसऱ्या आजारांत यशस्वी झाली आहे. गॅलनॅक ही साखर औषधाला जोडली की यकृतपेशी ते ओढून घेतात. पण कर्करोगाच्या पेशी बिघडत गेल्या की ती साखर पकडणारा रिसेप्टरच कमी होऊ शकतो.

एचयूएलसीचं हे स्वतःला चढतं ठेवणारं चक्र सुरू करणाऱ्यांपैकी एक आपल्या चांगलाच ओळखीचा आहे, हिपॅटायटिस बीचा विषाणू. त्याचं एचबीएक्स हे प्रथिन क्रेबच्याच मार्गाने एचयूएलसी वाढवतं. वाढलेला एचयूएलसी मग शेजारच्याच पी-१८ या गाठरोधक जनुकाला दाबतो, असं २०१२ च्या प्रयोगांत दिसलं. त्या विषाणूची लस आपल्याकडे बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते, आणि सरकारी लसीकरणात ती मोफत आहे.